गोठविलेले बीज आणि कलकत्त्याची दुर्गा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी दरवर्षी कोणीतरी चार शब्द बोलावयाचे अशी आपल्या मंडळाची रीत आहे. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्याकडे सोपविले. मी काही विदुषी नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसार करणारी बाई. प्रयोगशाळेचा उंबरा मी कधी ओलांडलेला नाही. पण वाचनाची आवड आहे, आणि न समजलेले चार ठिकाणी विचारून घ्यावयाची लाज मला वाटत नाही. तेवढ्या भांडवलावर आज एका विषयाला हात घालीत आहे. विषय थोडा नाजूक आहे. बायकांच्या सभेत तो मोकळेपणाने बोलावयाचा नाही तर मग कोठे बोलावयाचा? म्हणून कोणी पदर तोंडाशी धरू नये एवढी विनंती.

विषय आहे बीज गोठवून ठेवण्याचा. पुरुषाचे बीज, स्त्रीचे बीज, आणि त्या दोहोंपासून झालेला अगदी सुरुवातीचा गर्भ थंडीत गोठवून ठेवता येतो आणि पुढे हवा तेव्हा जागा करता येतो. हे कसे साधले, कोणी साधले, आणि आपल्या देशातील एका डॉक्टरला त्यापायी काय सोसावे लागले, ते सांगते. मग आपल्या मंडळाशी त्याचा काय संबंध, तेही सांगेन.

प्रथम गाईंकडे वळू, कारण आपल्याकडे ही विद्या माणसाआधी गोठ्यातच आली. गाय माजावर आली की पूर्वी वळू शोधीत हिंडावे लागे. आता डेअरीला निरोप गेला की डॉक्टर मोटारसायकलवरून येतात. त्यांच्याजवळ एक डबा असतो. झाकण उघडले की पांढरा धूर निघतो आणि त्यातून ते बारीक कांडी काढतात. त्या धुराला मुले भितात. तो धूर म्हणजे द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीने हवेतल्या बाष्पाचे झालेले धुके. डब्यातली थंडी शून्याच्या खाली १९६ अंश असते, आणि कांडीत असते वळूचे गोठविलेले वीर्य. तो वळू शेकडो मैल दूर असेल, कदाचित मेलाही असेल, तरी त्याचे वासरू आपल्या गोठ्यात जन्मते. आपल्या पुणे जिल्ह्यात उरुळीकांचनला मणिभाई देसाई यांनी १९६७ साली ‘बाएफ’ ही संस्था काढली. तिने हे काम शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेले आणि किती घरांत दुधाचा पैसा आला, ते आपल्यापैकी कित्येकजणींना ठाऊक आहे. गाईच्या बाबतीत आपण हे मुकाट्याने मानले. माणसाची गोष्ट निघाली की मात्र कपाळाला आठ्या पडतात.

आता गोठविण्यात एवढे अवघड काय, असे कोणी विचारील. आपण मटार गोठवितोच की! पण टोमॅटो किंवा काकडी बर्फाच्या कप्प्यात ठेवून पाहा. बाहेर काढल्यावर ती पिचपिचीत होते. कारण तिच्या कणाकणातल्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ पाण्याहून जास्त जागा व्यापतो, आणि त्याच्या सुया आतले पडदे फाडून टाकतात. भाजी मेली तरी आपण ती शिजवून खातो. बीज मात्र जिवंत राहावयास हवे. जिवंत पेशी बहुतेक पाण्याचीच असते. ती साधी गोठविली तर फाटून मरते. शास्त्रज्ञ कित्येक वर्षे येथेच अडले होते.

ही गाठ सुटली १९४९ साली, इंग्लंडात, आणि तीही एका घोटाळ्यातून. लंडनजवळ मिल हिल येथील संस्थेत ख्रिस्तोफर पोल्ज नावाचा तरुण, ऑड्री स्मिथ नावाची विदुषी आणि त्यांचे वडीलधारे अॅलन पार्क्स कोंबड्याचे बीज गोठवून पाहात होते. फळातल्या साखरेचे पाणी त्यात मिसळून काही उपयोग होतो का, असा त्यांचा प्रयोग चालला होता. यश येईना. काही महिन्यांनी थंड कपाटातली जुनी बाटली काढून त्यांनी प्रयोग पुन्हा केला, आणि काय नवल! गोठून उठलेले बीज वळवळू लागले. नवी साखर आणून पाहिले तर पुन्हा अपयश. मग त्या बाटलीत उरलेल्या थोड्याशा पाण्याची रासायनिक तपासणी केली. त्यात साखर नव्हतीच. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती. आत होते ग्लिसरीन आणि अंड्यातले पांढरे.

ग्लिसरीन! थंडीत ओठ फुटले की आपण लावतो तेच. ते पेशीत शिरून पाण्याशी मिसळते आणि बर्फाच्या सुया होऊ देत नाही. दुसरे असे, की थंडी हळूहळू दिली तर पेशीतले पाणी आधी बाहेर पडते. काकडीच्या कोशिंबिरीला मीठ लावले की पाणी सुटते, तसेच. आत पाणी कमी म्हणजे बर्फाचा धोकाही कमी. चिठ्ठी चुकली हे नशीब खरे, पण नशिबाने दिलेली बाटली ओतून न देता आत काय आहे ते तपासले, यात त्या मंडळींचे शहाणपण. पुढे दोनच वर्षांत, १९५१ साली, गोठविलेल्या बीजापासून वासरू जन्माला आले. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात शेर्मन आणि बंज यांनी १९५३ साली माणसाचे गोठविलेले पुरुषबीज वापरून गर्भ राहू शकतो, हे दाखविले.

पुरुषबीज अगदी लहान, त्यात पाणी थोडे, म्हणून ते लवकर साधले. स्त्रीबीज शरीरातल्या सर्वांत मोठ्या पेशींपैकी एक. त्याची जाडी मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग. टाचणीच्या टोकाने टिंब दिल्यासारखे. पाण्याने भरलेले आणि फार नाजूक. दोन्ही बीजांचा संयोग होऊन आठ पेशींचा गर्भ झाला की तो त्या मानाने जरा टणक असतो. उंदराचे असे गर्भ गोठवून पुन्हा जिवंत करण्याचे काम १९७२ साली झाले आणि १९७३ साली गोठविलेल्या गर्भापासून इंग्लंडात वासरू झाले. माणसाचा गर्भ मात्र अजून कोणी गोठवून जन्मास घातला नव्हता.

आणि येथे आपल्या देशातील एका माणसाचे नाव येते. डॉ. सुभाष मुखोपाध्याय. काही ठिकाणी त्यांना मुखर्जी असेही लिहितात. जन्म १९३१ सालचा, हजारीबागचा. शिक्षण कलकत्त्यास. तेथे वैद्यकीची पदवी घेतली, संशोधन करून डॉक्टरेट मिळविली, मग एडिंबरोला जाऊन १९६७ साली दुसरी डॉक्टरेट घेतली आणि परत आले. तिकडेच राहिले असते तर कदाचित सुखाने जगले असते. ते परत आले, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकवू लागले, आणि मूल न होणाऱ्या स्त्रियांच्या दुःखावर काम करू लागले.

एका बाईच्या गर्भनळ्या खराब होत्या. स्त्रीबीज तयार होते, गर्भाशय ठीक असते, पण मधली वाटच बंद. मग बीज आणि बीज भेटणार कोठे? डॉ. मुखोपाध्याय यांनी ठरविले की ही भेट शरीराबाहेर काचेच्या भांड्यात घडवावयाची. त्यांच्या जोडीला दोघे होते. जादवपूर विद्यापीठात अन्नशास्त्र शिकविणारे सुनीत मुखर्जी थंडीत पदार्थ टिकविण्याच्या विद्येचे जाणकार होते, आणि डॉ. सरोजकांती भट्टाचार्य स्त्रीरोगतज्ज्ञ होते. भाजीपाला आणि मासळी टिकविण्याच्या विद्येचा जाणकार माणसाचा गर्भ टिकविण्याच्या कामी आला, हे मला फार मोलाचे वाटते. कोणती विद्या कोठे उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

त्यांनी तीन गोष्टी केल्या. बायांनो, या तिन्ही लक्षात ठेवाव्या. पहिली, इंजेक्शने देऊन एका महिन्यात एकाहून अधिक स्त्रीबीजे पक्व करविली. ते औषध पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढीत. म्हणजे आपल्या वयाच्या आणि आपल्याहून थोरल्या बायकाही या कामी आल्या म्हणावयाच्या! दुसरी, पोट न उघडता योनीमार्गाने बीजे काढली. तिसरी आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तयार झालेला आठ पेशींचा गर्भ त्यांनी लगेच गर्भाशयात ठेवला नाही. इंजेक्शनांमुळे त्या महिन्यात गर्भाशयाचे अस्तर गर्भ धरण्याजोगे राहात नाही, असे त्यांचे मत होते. शेतकरी वाफसा आल्यावाचून पेरीत नाही, तसेच हे. म्हणून ‘डायमिथिल सल्फॉक्साइड’ नावाचे रक्षक द्रव्य वापरून त्यांनी गर्भ गोठविला, ५३ दिवस ठेवला, आणि पुढच्या स्वाभाविक पाळीच्या चक्रात योग्य दिवस पाहून गर्भाशयात सोडला.

३ ऑक्टोबर १९७८ रोजी त्या बाईला मुलगी झाली. नवरात्राचे दिवस. मुलीचे नाव दुर्गा असे प्रसिद्ध झाले.

जगातील पहिली अशी मुलगी इंग्लंडात २५ जुलै १९७८ रोजी जन्मली होती. एडवर्ड्स, स्टेप्टो आणि जीन पर्डी नावाची परिचारिका यांचे ते काम. त्यांची ख्याती जगभर झाली आणि एडवर्ड्स यांना २०१० साली नोबेल पारितोषिक मिळाले. दुर्गा आली त्यानंतर सव्वादोन महिन्यांनी. पण तिकडचा गर्भ गोठविलेला नव्हता. गोठविलेल्या गर्भापासून झालेले बालक ऑस्ट्रेलियात १९८४ साली जन्मले, तेव्हा जगाने त्याला पहिले मानले. आमची दुर्गा तोवर शाळेत जाण्याच्या वयाची झाली होती!

मग डॉक्टरांना हारतुरे मिळाले का? नाही. त्यांच्या बरोबरीच्या लोकांनाच ते खरे वाटेना. नोव्हेंबर १९७८ मध्ये राज्य सरकारने चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. समितीने डॉक्टरांचा दावा अविश्वसनीय ठरविला. जपानच्या क्योतो विद्यापीठाने आपले काम येऊन सांगा म्हणून आमंत्रण दिले होते, पण त्यांना जाण्याची परवानगी मिळाली नाही. मन आणि प्रकृती दोन्ही खचली. आणि जून १९८१ मध्ये त्यांची बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत. ज्याने आयुष्य गर्भधारणेच्या अभ्यासात घालविले, त्याने आता डोळ्यांच्या विभागात बसावयाचे. १९ जून १९८१ रोजी डॉ. मुखोपाध्याय यांनी आपले जीवन स्वतःच्या हाताने संपविले. वय अवघे पन्नास. मागे पत्नी नमिताबाई राहिल्या.

आपल्यापैकी काहीजणींनी तपन सिन्हा यांचा १९९० सालचा ‘एक डॉक्टर की मौत’ हा हिंदी चित्रपट पाहिला असेल. त्यात रोग दुसरा दाखविला आहे, पण त्यामागे स्फूर्ती याच डॉक्टरांच्या कहाणीची.

यापुढील भाग मुंबईचा, म्हणून आपल्याला अधिक जवळचा. परळच्या प्रजननसंशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार आणि के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नाने ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत हर्षा नावाची मुलगी जन्मली. भारतातील पहिली परीक्षानळीतील बालिका म्हणून तिची नोंद झाली आणि मान या दोघांना मिळाला. त्यांचे काम नीट लिहून ठेवलेले आणि निर्विवाद होते, आणि त्यात एक स्त्री डॉक्टर अग्रभागी होती, याचा आपल्याला अभिमानच वाटतो. पुढे १९९७ साली डॉ. आनंदकुमार कलकत्त्यास गेले असता डॉ. मुखोपाध्याय यांची कागदपत्रे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती वाचली, पारखली, आणि ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहून जाहीर केले की पहिलेपणाचा मान आपला नव्हे, सुभाषबाबूंचा आहे.

भगिनींनो, येथे मी वाचता वाचता थांबले. आपल्या डोक्यावरचा मुकुट आपल्या हाताने काढून मेलेल्या माणसाच्या तसबिरीवर ठेवावयाचा, हे साधे काम नव्हे. घरात भाजी चांगली झाली तर ती सुनेने केली हे पाहुण्यांपुढे सांगताना आपली जीभ अडखळते. तेथे एका शास्त्रज्ञाने देशातला पहिला मान सोडून दिला. डॉ. मुखोपाध्याय यांच्या तिन्ही रीती, म्हणजे इंजेक्शने, योनीमार्गाने बीज काढणे आणि गर्भ गोठवून पुढच्या चक्रात ठेवणे, या आज जगभर रोजच्या झाल्या आहेत. दुर्गाही मोठी झाल्यावर लोकांपुढे आली आणि आपल्या जन्माची कथा तिने उघडपणे सांगितली.

आता एक कठीण गोष्ट बोलते. डॉक्टरांवर अविश्वास दाखविणारे विद्वान होते हे खरे. पण समाजाचे काय? दुर्गाच्या आईवडिलांनी त्या वेळी प्रसिद्धी टाळली. मी त्यांना दोष देत नाही. ‘लोक काय म्हणतील’ हे ओझे आपण सगळ्याच वाहतो. पण त्या काळी मूल असे झाले म्हणून सांगण्यात लाज नसती, शेजारणींनी नाके मुरडली नसती, तर हसती खेळती मुलगी मांडीवर घेऊन ती आई पुढे आली असती. मग तिच्या साक्षीपुढे कोणती समिती टिकली असती? म्हणून म्हणते, त्या माणसाच्या मरणात समित्यांचा वाटा आहे तसा आपल्या कुजबुजीचाही आहे.

ही कुजबूज आपल्या मंडळातही आहे. गेल्या श्रावणात आपल्या एका भगिनीच्या सुनेचे डोहाळेजेवण होते. ओटी भरावयाला पाच लेकुरवाळ्या पुढे बोलाविल्या. एक बाई हातातले ताट घेऊन तशीच मागे सरली. नाव सांगत नाही. ताट तिनेच सजविले होते. तिला कोणी वाईट बोलले नाही. बोलावयाची गरजही पडली नाही. चौदा वर्षे संसार करणाऱ्या त्या बाईने उपासतापास केले, नवस केले, गंडेदोरे बांधले. नवऱ्याची तपासणी मात्र एकदाही झाली नाही. का? तर ‘त्याला काय झाले आहे?’

म्हणून पहिली गोष्ट. मूल होत नाही याचे कारण कित्येकदा पुरुषात असते, कित्येकदा दोघांत, आणि कित्येकदा कोणातच सापडत नाही. पुरुषाची तपासणी सोपी, बिनदुखण्याची. ती आधी व्हावी. बाईच्या नळ्या बंद होण्यामागे आपल्याकडे पुष्कळदा क्षय असतो. फुप्फुसाचा क्षय जसा औषधाने बरा होतो तसा तोही वेळीच ओळखावा लागतो. यात पाप कोठले आणि शाप कोठला?

काही थोर बायका म्हणतात, देवाने दिले नाही ते मागू नये. त्यांना मी नम्रपणे विचारते, मोतीबिंदू काढून आपण देवाचा अपराध केला का? दुसऱ्या काहीजणी म्हणतात, यात नवे काय, गांधारीचे शंभर कौरव तुपाच्या कुंभांतच वाढले. ती कथा मलाही आवडते. पण कथेतल्या व्यासांना मान देताना कलकत्त्याच्या डॉक्टरांचा मान हिरावून घेऊ नये. त्यांनी तो हातांनी, डोळ्यांनी आणि जागरणांनी मिळविला होता.

दुसरी गोष्ट लेकीसुनांच्या उपयोगाची. स्त्रीची सगळी बीजे तिच्या जन्माच्या वेळीच तिच्यापाशी असतात, दहा ते वीस लाख. नवी होत नाहीत. वयाबरोबर ती घटतात आणि पस्तिशीनंतर त्यांचा कसही झपाट्याने उतरतो. म्हणून नुसते स्त्रीबीज गोठविण्याची विद्या फार महत्त्वाची. तिने झालेली पहिली बालके १९८६ साली ऑस्ट्रेलियात डॉ. ख्रिस्तोफर चेन यांच्या प्रयत्नाने जन्मली. पण खरी भरवशाची रीत नंतर आली. चिक्कीचा पाक आपण चटकन थापून गार केला तर काचेसारखा पारदर्शक होतो आणि रेंगाळला तर साखरतो, कणी धरतो. तसेच बीज इतक्या वेगाने गार करतात की पाण्याला कणी धरावयास अवसरच मिळत नाही, ते काचेसारखे होते. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थेने २०१२ साली ही रीत आता निव्वळ प्रयोगातली राहिली नाही, असे मानले.

याचा सर्वांत मोठा उपयोग कर्करोग झालेल्या तरुण मुलींना. कर्करोगाची औषधे आणि किरणे जीव वाचवितात, पण कधी कधी बीजकोशाचे नुकसान करतात. उपचार सुरू होण्यापूर्वी सुमारे दोन आठवड्यांचा अवधी मिळाला तर बीजे काढून ठेवता येतात. मुलग्याचे तर एकदोन दिवसांत होते. प्रत्येकीला हे जमेल असे नाही. रोग कोणता, अवधी किती, ते डॉक्टरच सांगतील. पण प्रश्न आधी विचारावा लागतो, नंतर विचारून उपयोग नाही. घरावर असा प्रसंग आला म्हणजे सगळे घाबरलेले असतात, आणि न लग्न झालेल्या मुलीसमोर हा विषय काढावयाला बापाला संकोच वाटतो. अशा वेळी आई, मावशी, आत्या यांनी पुढे व्हावे. माझ्या भाषणातले बाकी सारे विसरलात तरी एवढे विसरू नका.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. गोठविलेले बीज म्हणजे पेढीत ठेवलेले सोने नव्हे, की हवे तेव्हा तितकेच परत मिळेल. काही बीजे गोठण्यात जातात, काहींचा गर्भ होत नाही, काही गर्भ रुजत नाहीत. खर्च मोठा आणि खात्री कोणाचीच नाही. जाहिरातीत गुबगुबीत बाळ दाखवितात, रिकाम्या हाताने परतलेली बाई दाखवीत नाहीत. म्हणून दागिने मोडण्यापूर्वी चार प्रश्न विचारावे. आपल्या देशात २०२१ साली यासाठी कायदा झाला आहे. नोंदणी केलेल्या केंद्रातच हे उपचार करता येतात. उपचार घेणारी स्त्री २१ ते ५० वर्षांच्या आणि पुरुष २१ ते ५५ वर्षांच्या आतला हवा. लेखी संमतीवाचून काही करता येत नाही. साठवण साधारणपणे दहा वर्षांपर्यंतच. मुलगा हवा की मुलगी, ही निवड करणे गुन्हा आहे. नोंदणीचा कागद पाहावयास मागणे हा आपला हक्क आहे, त्यात उद्धटपणा नाही.

आणि सासवांना एक शब्द. ही विद्या सुनेच्या मदतीला आली आहे, तिच्या पाठीमागे लागावयाला नव्हे. इंजेक्शने तिच्या अंगात जातात, भूल तिला देतात, अपयशाचे रडे तिचे असते. तिला नको असेल तर नको. मूल दत्तक घ्यावेसे वाटले तर तेही मूलच. आणि मुलावाचून नवराबायको सुखाने राहात असतील तर तोही संसारच.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. डॉ. मुखोपाध्याय यांचे स्मारक आपल्याने होणार नाही. पण त्यांनी ज्या बायकांसाठी जीव टाकला, त्यांना आपल्या ओसरीवर मानाने बसविणे आपल्याने होईल. यापुढे मंडळाच्या कोणत्याही डोहाळेजेवणात, बारशात, हळदीकुंकवात ओटी भरावयास बोलाविताना ‘लेकुरवाळी’ हा शब्द आपण वापरू नये. जी प्रेमाने आली तिने ओटी भरावी. घरच्या समारंभात जिची तिची मर्जी. मंडळाच्या समारंभात मात्र हा नियम असावा. अध्यक्षबाईंनी पुढच्या सभेत हा ठराव मतास टाकावा, अशी माझी विनंती आहे. विरोध असेल त्यांनी उघड बोलावे. मी उत्तर देईन, आणि पटले तर ऐकूनही घेईन. फक्त जिन्यात उभे राहून कुजबुजू नये. कुजबुजीने काय होते ते आत्ताच सांगितले.